हाड गाऊ लागेपर्यंत

इस्तारवशानच्या वरच्या मोहल्ल्यात हकनझर खाटकाकडे मटण घ्यायला गेलं, की मटणाबरोबर सल्ला यायचाच. तुम्ही मागितलेला असो वा नसो. खांद्याचा तुकडा घेतलात तर खांद्याचा सल्ला, नळ्या घेतल्यात तर नळ्यांचा. आणि चुकून सांगितलंत, की आज घरी मटण-बटाट्यांचा कवुरदाक करायचाय, तर तुमची पुढची दहा मिनिटं गेलीच म्हणून समजा. हकनझर सुरी ठोकळ्यात रोवायचा, फडक्याला हात पुसायचा आणि घसा साफ करून सुरू व्हायचा.

"आधी मेंढीच्या शेपटाची चरबी वितळवायची. मग मटण आणि कांदा, दोन्ही एकदम. बटाटे अख्खे. आणि आच? आच अशी, की शेजारच्याने धावत येऊन विचारावं, कुठे पेटलंय? हाड गाऊ लागेपर्यंत आच कमी करायची नाही. हो, गातं हाड! कान देऊन ऐका. गायलं, की मगच पाणी."

बायका माना डोलवायच्या. पिशवी उचलायच्या. "बरं झालं सांगितलंत, अका," असंही म्हणायच्या. मोहल्ल्यात त्याला सगळे अका, म्हणजे थोरला भाऊ, म्हणत. एकतीस वर्षं हे असंच चाललं होतं. आणि एकतीस वर्षांत हकनझरने स्वतः एकदाही चुलीवर मटण चढवलेलं नव्हतं. थंडीत हात शेकायला तो चुलीजवळ बसे, तेवढाच त्यांचा परिचय.

मग हाड गातं हे त्याला कळलं कुठून? कुठूनच नाही. वडील गेले तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. दुकानात बसून दुसराच दिवस, आणि समोर उभ्या राहिल्या त्याच्या शाळेतल्या गणिताच्या बाई. "हकनझर, ह्या बरगड्यांचा कवुरदाक कसा रे करावा?" आता ह्या बाईंसमोर फळ्यापाशी उभं राहून "माहीत नाही" म्हणण्यात त्याची सात वर्षं गेली होती. आणखी एकदा म्हणायला जीभ रेटेना. तोंडात जे आलं ते त्याने सांगून टाकलं, आणि शेवटी हाड गायला लागलं. बाई म्हणाल्या, "असं होय? हे मला माहीत नव्हतं."

गणिताच्या बाईंना माहीत नसलेली गोष्ट आपल्याला माहीत आहे, ही चव एकदा लागली आणि हकनझर बिघडला. पुढे इतक्या वेळा सांगितलं, की आपण ते रचलं होतं हेच तो विसरला. हे सगळं तो आता स्वतःच सांगतो, मिशीवरून हात फिरवत. पण त्या शरदापर्यंत त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलासुद्धा नाही.

त्या शरदात त्याच्या बायकोच्या, ओयनिसाच्या, डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. खुजंदच्या डॉक्टरांनी डोळ्यावर जाळीदार झाकण बसवून तिला घरी पाठवलं आणि बजावलं, की तीन आठवडे वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, धुराजवळ आणि चुलीजवळ तर फिरकायचंच नाही. मुलगा आणि सून रशियात कामाला. मुलगी दुशान्बेला, तिच्या परीक्षा चालू. घरात उरला हकनझर.

पहिले चार दिवस त्याला काहीच करावं लागलं नाही. शेजारणी ताटल्या घेऊन येत होत्या. कुणी शोरबा, कुणी पुलाव, कुणी तंदुरातून काढलेले गरम नान. चौथ्या दिवशी भिंतीपलीकडच्या सनोबरने कवुरदाक पाठवला. ओयनिसाने पहिला घास घेतला आणि झाकलेल्या डोळ्यासकट तिचा सगळा चेहरा फुलला.

"काय सुरेख केलंय हो पोरीने!"

"मटण माझ्या दुकानातलं आहे," हकनझर म्हणाला.

"असेल. कोळसा कोणाचा, बटाटे कोणाचे, तेही सांगा."

"अगं, मी तिला सांगितलं होतं कसं करायचं ते! लग्न होऊन आली ना, त्याच वर्षी."

ओयनिसा नानच्या तुकड्याने ताटलीतला रस टिपत राहिली. तिच्या त्या टिपण्यात काहीतरी होतं, ते हकनझरला बोचलं. त्याने छाती काढून जाहीर केलं, की उद्या कवुरदाक मी करणार. तुझी बहीण मोहबेगम आपा येतेय ना पंजाकेंतहून? तिलाही खाऊ दे.

"हसवू नका हो," ओयनिसा डोळ्याच्या झाकणावर तळवा धरत म्हणाली. "हसलं की आत कळ येते."

झालं. आता माघार नव्हती. त्यातून दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात जे जे गिऱ्हाईक आलं, त्या सगळ्यांना त्याने ही बातमी मटणाबरोबर बांधून दिली. "आज लवकर बंद करणार. घरी कवुरदाक आहे. मीच करतोय." बायका म्हणाल्या, "वा, अका!" आणि एकमेकींकडे पाहिलं. त्या पाहण्यात कौतुक आहे, असं त्याला वाटलं. त्याला त्या काळी पुष्कळ काही वाटायचं.

अकराला दुकान बंद करून त्याने स्वतःसाठी मटण निवडलं. निवडलं म्हणजे काय, पाठीच्या कण्यालगतची ती लुसलुशीत पट्टी, चरबीचा एक धागा नसलेली, जी तो एरवी लग्नघरांसाठी राखून ठेवायचा. ती आणि वर थोड्या बरगड्या, कारण गायला हाड लागणारच. अंगणातल्या चुलीवर कढई ठेवली. खाली कापसाच्या काटक्या कोंबल्या. त्या अशा पेटल्या, की जर्दाळूच्या झाडावरचे कावळे उडून गेले.

शेपटाची चरबी वितळली. इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग त्याने मटण आणि कांदा एकदम ओतला आणि आवाज झाला तो असा, की तो दोन पावलं मागे सरला. धीर करून परत पुढे आला. वाकला. कान कढईकडे केला.

कढईतून फडफड ऐकू येत होती. तडतड ऐकू येत होती. गाणं काही ऐकू येईना.

तो थांबला. कांदा सोनेरी झाला, मग लाल झाला, मग त्या रंगाचा झाला ज्याला सभ्य माणसं नाव देत नाहीत. हकनझर कान लावून उभाच. मनाच्या एका कोपऱ्यात त्याला आत्ता कुठे आठवलं, की ही गाण्याची भानगड आपणच बाईंच्या भीतीने काढली होती. पण एकतीस वर्षं, दिवसाला दहा वेळा म्हटलं तरी किती वेळा झालं? इतक्या वेळा सांगितलेली गोष्ट खोटी कशी असेल? गाईल. आत्ता गाईल. मिशीचं उजवं टोक जळल्याचा वास आला, तेव्हा कुठे त्याने डोकं वर काढलं.

"अहो, कसला वास येतोय?" खोलीतून ओयनिसा.

"मसाल्याचा!"

त्याने घाईने लोटाभर पाणी ओतलं. तापलेल्या चरबीत थंडगार पाणी. कढई उसळली. अंगठ्यावर टपोरा फोड आला आणि अर्धी चूल विझली. उरलेल्या अर्ध्या चुलीवरच त्याने कढईत अख्खे बटाटे टाकले, वर झाकण ठेवलं आणि ओट्यावर बसून अंगठा फुंकत राहिला.

दोनच्या सुमारास चाखून पाहिलं. ती लुसलुशीत पट्टी कमरेच्या पट्ट्यासारखी लागत होती, फक्त बक्कल तेवढं नव्हतं. बटाटे बाहेरून गाळ, आतून दगड. रस्सा कडू. त्याने एक तुकडा गल्लीतल्या कुत्र्याला टाकला. कुत्र्याने तो तोंडात घेतला, जरा वेळ विचार केला आणि हळूच खाली ठेवून हकनझरकडे पाहिलं. ती नजर हकनझरला ओळखीची वाटली. फळ्यापाशी उभं असताना पाठीमागून यायची ती.

पाच वाजता मोहबेगम येणार होती. ओयनिसाची थोरली बहीण. इस्तारवशानच्या सुऱ्या सगळीकडे नावाजलेल्या, पण त्यांच्याहून धार ह्या पंजाकेंतच्या जिभेला होती. तिच्या लेखी हकनझर अजूनही बहिणीला न शोभणारा जावईच होता.

हकनझर भिंतीपाशी गेला. पलीकडे सनोबर दोरीवर कपडे वाळत घालत होती.

"सनोबर, एक विचारायचं होतं. म्हणजे मला नाही, ओयनिसाला विचारायचंय. तू कवुरदाक करतेस, तो नक्की कसा करतेस?"

सनोबरने तोंडातला चिमटा काढला. भिंतीवरून आत येणारा धूर पाहिला. त्याची अर्धी मिशी पाहिली.

"अका, तुम्हीच तर सांगितला होता. हाड गाऊ लागेपर्यंत."

"हो. ते झालंच. पण त्यानंतर?"

सनोबर खाली बघायला लागली. तिचे खांदे हलायला लागले. मग तिच्याने राहवलं नाही. "माफ करा अका, पण बोलतेच आता. मी नवीन सून, ह्या घरातला माझा पहिला स्वयंपाक. तुमच्याकडून मटण आणलं आणि तुम्ही म्हणालात तस्संच केलं. कान लावून बसले होते चुलीपाशी. सासऱ्यांनी एक तुकडा तोंडात घातला तो बराच वेळ तोंडातच. सासूबाई म्हणाल्या, सून केलीये की चांभार? चोवीस वर्षं झाली अका, अजून नणंद आली की विचारते, वहिनी, आज बूट शिजवलेत का?"

हकनझरला भिंत जरा उंच असती तर बरं झालं असतं, असं वाटलं.

"मग तू शिकलीस कुणाकडून?"

"कुणाकडून म्हणजे? ओयनिसा आपाकडून! दुसऱ्या दिवशी रडत गेले होते तुमच्याकडे. त्यांनी बसवलं, चहा दिला, सगळं शिकवलं. म्हणाल्या, त्यांचं बोलणं मान राखून ऐकून घ्यायचं आणि मग मागच्या दाराने माझ्याकडे यायचं." सनोबरने एक कपडा झटकला. "सगळ्याच येतात, अका. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मागच्या दाराने. हकनझरला आता सगळा मोहल्ला दिसायला लागला. दुकानातून पिशवी घेऊन वळणाऱ्या बायका, गल्लीच्या टोकाला गेलेल्या, मागून आलेल्या, त्याच्याच अंगणात बसलेल्या. पुढच्या बाजूला तो मोडत होता आणि मागच्या बाजूला त्याची बायको दुरुस्त करत होती. एकतीस वर्षांतली निदान अठ्ठावीस वर्षं, कारण लग्न त्यानंतर तीन वर्षांनी झालं. त्या आधीच्या तीन वर्षांत मोहल्ल्याने काय चावलं असेल, ह्याचा विचार त्याने तिथेच सोडून दिला.

घरी येऊन तो खिडकीशी उभा राहिला. ओयनिसा आत गादीवर ताठ बसली होती, हात मांडीवर.

"ओयनिसा."

"हं."

"कवुरदाक कसा करतात?"

हे वाक्य त्याच्या तोंडून निघालं, तेव्हा आपण पुन्हा शाळेत आहोत असं त्याला वाटलं. ओयनिसा हसली नाही. डोळ्याची काळजी म्हणून असेल.

"दुकान उघडा," ती म्हणाली. "मान आणा आणि बरगड्या आणा. तुम्ही ज्याला 'उरलेलं' म्हणता ना, ते. आणि दुसरी कढई घ्या. ती पहिली माझ्या नजरेला पडू देऊ नका."

मग तिने उशी खिडकीशी ओढून घेतली, धुराकडे पाठ केली आणि सांगत गेली. तो चुलीशी. मध्ये दहा पावलांचं अंतर. चुलीत ह्या वेळी जर्दाळूचं लाकूड, दोनच ओंडके.

"थोडे थोडे तुकडे टाका. गर्दी नको. रंग कसा आलाय?"

"तपकिरी."

"तपकिरी म्हणजे कसला? चहासारखा, की मातीसारखा?"

एकतीस वर्षं मटणाकडे बघणाऱ्या माणसाला मटणाचा रंग सांगता येईना. त्याने पुष्कळ विचार केला. "तुझ्या भावाचं ते जाकीट आहे ना, तसा."

"नव्या जाकिटासारखा, की जुन्या?"

"जुन्या."

"मग थांबा. नव्यासारखा झाला की उलटा. कांदा अजून टाकला नाहीत ना?"

हकनझरच्या मुठीत कांदा होता. त्याने तो हळूच ताटलीत परत ठेवला. "छे."

बरगड्या झाल्या, कांदा गेला, पिवळं गाजर गेलं, टोमॅटो, चिमूटभर जिरं, बटाट्याचे अर्धे अर्धे काप. पाणी फक्त वाटीभर, आणि तेही कोमट. ओंडके बाजूला ओढून निखारे तेवढे राहू दिले. झाकण लावलं.

"आता तासभर उघडायचं नाही," ओयनिसाने सांगितलं.

दहा मिनिटांनी खट्ट आवाज झाला.

"झाकण उघडलंत."

"नाही."

"ऑपरेशन डोळ्याचं झालंय माझ्या. कानाचं नाही."

आणखी दोनदा असंच झालं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "जा, दुकानाचा ठोकळा धुवा, नाहीतर अंगण झाडा, पण तिथून हला." त्याने अंगण झाडलं. लग्नानंतर पहिल्यांदाच झाडलं, आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने झाडलं, ते पलीकडून सनोबरने सांगितलं.

मोहबेगम आली ती पाचच्या आधीच. सुकवलेली तुती, बोरं लगडलेल्या दोन फांद्या आणि बहिणीसाठी लोकरीचे मोजे घेऊन. ओयनिसाच्या कपाळाचं चुंबन घेतलं, डोळ्याचं झाकण तपासलं, मग हकनझरकडे वळली. "काय जावई, मिशीला काय झालं? उंदराने कुरतडली?"

"गॅसबत्ती," हकनझर म्हणाला. घरात गॅसबत्ती नव्हती.

जेवणासाठी दस्तरखान अंथरला. नान, कांद्याच्या चकत्या, हिरवा चहा आणि मध्ये ती कढई. मोहबेगमने एक बरगडी उचलली. मटण हाडावरून आपण होऊन सुटलं. तिने चावलं, डोळे बारीक केले, पुन्हा चावलं. हकनझर स्वतःच्या ताटलीकडे बघत बसला होता. आतापर्यंतच्या आयुष्यात त्याने बकऱ्या तोलल्या, मेंढ्या तोलल्या, पण एका बाईच्या जबड्याच्या हालचालीत इतकं वजन असतं, हे त्याला माहीत नव्हतं.

"शेजारीण चांगली आहे तुझी, ओयनिसा," मोहबेगम म्हणाली. "काय नाव तिचं? सनोबर. चव आहे तिच्या हाताला."

गप्प बसता आलं असतं. कालपर्यंतच्या हकनझरने उलट असं काही सांगितलं असतं, की सनोबरला हे शिकवलं मीच. पण अंगठा ठणकत होता, आणि दुपारपासून तो इतक्या वेळा तोंडावर आपटला होता, की आणखी एकदा आपटायला हरकत नव्हती.

"मी केलंय, आपा."

मोहबेगम बहिणीकडे वळून हसली. "हा अजून तसाच बोलतो का गं?"

"खरंच त्यांनी केलंय," ओयनिसा म्हणाली. "मी फक्त बडबडले."

"दोनदा केलंय," हकनझर म्हणाला. "पहिलं कुत्र्यानेसुद्धा नाकारलं." आणि मग सुरू झालं, ते त्याला थांबवता येईना. गणिताच्या बाई. हाडाचं गाणं. कढईवर लावलेला कान. मिशी. सनोबरच्या सासऱ्यांचा न संपणारा घास. सांगता सांगता त्याच्या लक्षात आलं, की इतकी वर्षं आपण दुकानात जे बोललो त्यावर लोक माना डोलवत होते, पण असं कुणी ऐकत नव्हतं. मोहबेगम हसता हसता खोकायला लागली, नान बाजूला ठेवून गादीवर कलंडली. ओयनिसा दोन्ही हातांनी डोळ्याचं झाकण धरून विनवत होती, "पुरे हो! टाका उसवेल माझा!"

मोहबेगमने ओढणीने डोळे पुसले, त्याच्या अंगठ्याचा फोड नीट पाहिला आणि ताटली पुढे केली. "मीठ कमी आहे," ती म्हणाली. "वाढ अजून."

उजेड होता तोवर ती खालच्या मोहल्ल्यात चुलतबहिणीला भेटायला गेली. आजची गोष्ट तिच्या पोटात तिथपर्यंतही टिकणार नव्हती, हे हकनझरला ठाऊक होतं. अंगणात दोघंच उरले. त्याने चहा ओतला, पहिली पियाली ओयनिसाच्या हातात दिली आणि विचारलं, "इतकी वर्षं सांगितलं का नाहीस मला?"

ओयनिसा पियाली दोन्ही तळव्यांत धरून बसली.

"मी पंजाकेंतहून आले, तेव्हा इथे माझं कोण होतं?" ती म्हणाली. "तुमची आई आजारी, तुम्ही दिवसभर दुकानात. आमची बोली वेगळी, म्हणून बायका माझ्याशी दोन शब्दांपलीकडे बोलायच्या नाहीत. मग एक दिवस एक बाई मागच्या दाराशी आली. तोंड एवढंसं झालेलं, हातात करपलेली कढई. मग दुसरी आली. महिन्याभरात सगळा मोहल्ला माझ्या ओट्यावर. कुणाचं बाळंतपण, कुणाचं भांडण, सगळं इथे. तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही सल्ला द्यायचे थांबला असतात. मग माझ्याकडे कोण आलं असतं?"

हकनझर ऐकत राहिला. हळूहळू त्याची पाठ ताठ व्हायला लागली. छाती किंचित पुढे आली.

"म्हणजे," तो म्हणाला, "एका अर्थी माझ्यामुळेच..."

"तुमच्या मूर्खपणामुळे."

"हो, तेच म्हणतोय मी."

ओयनिसाने चहाचा घोट घेतला आणि शेडच्या दिशेने हनुवटी केली. "ती पहिली कढई तिथे लपवलीये ना? वास येतोय. काढा आणि घासा, उद्या घट्ट बसेल ते."

त्याने कढई ओढून आणली. तळाशी काळा थर असा बसला होता, जणू कढई घडवतानाच लोहाराने बसवला असावा. सवयीने त्याने सुरी उचलली.

"सुरीने नाही," मागून आवाज आला. "राखेने."

हकनझर उकिडवा बसला. चुलीतली मूठभर राख घेतली. तशीच कढईत टाकणार होता, पण थांबला.

"कोरडी की ओली?" त्याने विचारलं.

"ओली," ओयनिसा म्हणाली. "आणि जोर लावा."